सनद नसलेला वैद्य : निकोलस कल्पेपर

इंग्लंडचा इतिहास म्हटला की आपल्याला आठवा हेन्री, पहिला चार्ल्स, क्रॉमवेल ही माणसे आठवतात. प्रश्नपत्रिकेतही तीच येतात. मी ज्याच्याविषयी लिहीत आहे, तो कोणत्याही तहात सापडत नाही. औषधाच्या दुकानातला तो एक उमेदवार. आणि ती उमेदवारीसुद्धा त्याने पुरी केली नाही. तरी त्याचे पुस्तक साडेतीनशेहून अधिक वर्षे छापले जात आहे.

निकोलस कल्पेपर १६१६ मध्ये सरे परगण्यात जन्मला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा जन्मण्यापूर्वीच काही दिवस ते वारले. आई त्याला घेऊन ससेक्समध्ये माहेरी गेली. आजोबाही धर्मोपदेशकच, करारी आणि विद्वान. त्यांनी नातवाला लॅटिन शिकवले, ते पुढे त्याने धर्मोपदेशक व्हावे म्हणून. त्याच लॅटिनचा नातू पुढे काय उपयोग करणार आहे, हे त्यांना ठाऊक असते तर कदाचित शिकवले नसते!

केंब्रिजला त्याला पाठवले, पण तो पदवी न घेताच बाहेर पडला. चरित्रकार सांगतात की, त्याचे एका श्रीमंत घरच्या मुलीवर प्रेम होते, दोघांनी पळून जाऊन लग्न करण्याचे ठरवले आणि भेटीला येताना वाटेतच वीज पडून ती मेली. ही हकीकत खरी की रचलेली, याचा निवाडा मी करीत नाही. आजोबांनी त्याला वारशातून वगळले आणि तो लंडनमध्ये एका अपोथेकरीच्या हाताखाली उमेदवारीला लागला, एवढे मात्र खरे.

अपोथेकरी म्हणजे औषधे कुटणारा, काढे आणि लेप करणारा, पुड्या बांधून देणारा दुकानदार. आरंभी हे लोक किराणा व्यापाऱ्यांच्याच संघात मोडत. १६१७ मध्ये त्यांचा स्वतंत्र संघ झाला. त्यांनी औषध द्यायचे ते डॉक्टरने लिहून दिलेले. रोग्याची नाडी पाहून स्वतःच्या बुद्धीने औषध दिले, तर तो गुन्हा होता.

हा गुन्हा पकडणारी संस्था म्हणजे लंडनचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स. आठव्या हेन्रीने १५१८ मध्ये ते स्थापले. नाव कॉलेज असले तरी आपल्या कॉलेजसारखे तिथे वर्ग भरत नसत; ती निवडक डॉक्टरांची सभा होती. लंडन आणि त्याभोवतीचा सात मैलांचा टापू तिच्या ताब्यात. या टापूत तिच्या सनदेशिवाय कोणी वैद्यकी केली तर महिन्याला पाच पौंड दंड! कॉलेजचे चार तपासनीस असत. ते दुकानांत शिरून औषधे तपासत, भेसळीची वा कुजलेली आढळली तर नष्ट करीत, परवाना नसलेल्यांना बोलावून जाब विचारीत आणि तुरुंगातही धाडीत.

हा अधिकार किती कडक होता ते डॉ. बॉनहॅमच्या खटल्यावरून कळते. बॉनहॅम केंब्रिजचा पदवीधर डॉक्टर. त्याने कॉलेजची सनद नसताना लंडनमध्ये रोगी पाहिले म्हणून १६०६ मध्ये त्याला दंड झाला, मग तुरुंग. त्याने कोर्टात दाद मागितली आणि १६१० मध्ये न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. कोक यांनी एक गोष्ट नेमकी हेरली : दंडाची निम्मी रक्कम राजाला जाई आणि निम्मी खुद्द कॉलेजला. मग आरोप करणारा, निवाडा देणारा आणि पैसे घेणारा एकच नाही का झाला? कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही शिकवतात. पण तेवढ्याने कॉलेजचा दरारा ओसरला नाही.

कॉलेजची बाजू अगदीच खोटी होती असे मला वाटत नाही. त्या काळच्या औषधांत पारा असे, अफू असे. चुकीच्या हातात ती पडली तर माणूस दगावायचा. तपासणी हवीच होती. पण लंडनची वस्ती तीन लाखांवर आणि कॉलेजचे सभासद फार तर तीस-चाळीस. त्यांची फी गरिबाने कुठून द्यावी? तो अपोथेकरीकडे जाई, नाहीतर शेजारच्या जाणत्या बाईकडे. या माणसाने कुठे जावे, याचे उत्तर कॉलेजच्या दप्तरात नव्हते.

१६४० मध्ये कल्पेपरने ॲलिस फील्ड या मुलीशी लग्न केले. तिच्याकडून पैसा आला आणि त्याने स्पिटलफील्ड्समध्ये घर घेतले. ही वस्ती शहराच्या तटाबाहेर, गरिबांची. उमेदवारी अर्धवट राहिल्याने अपोथेकरी संघाच्या लेखीही तो बेकायदाच होता. तिथे त्याने रोगी पाहायला सुरुवात केली. गरिबांकडून तो जवळजवळ काही घेत नसे. परदेशातून येणाऱ्या महाग औषधांऐवजी कुंपणाकडेला उगवणाऱ्या वनस्पती तो सांगे. १६४२ मध्ये त्याच्यावर चेटूक केल्याचा आरोप आला, पण तो निर्दोष सुटला. पुढच्या वर्षी यादवी युद्धात तो पार्लमेंटच्या बाजूने गेला आणि छातीत गोळी लागून परतला. त्या जखमेतून तो कधीच पुरता सावरला नाही.

आता त्याचे खरे धाडस. कॉलेजने १६१८ मध्ये औषधांचा एक अधिकृत ग्रंथ काढला होता. प्रत्येक अपोथेकरीने औषध करायचे ते त्याबरहुकूम. ग्रंथ लॅटिनमध्ये होता. शिवाय त्यात औषध कसे करावे ते होते, ते कशावर द्यावे ते बहुतेक नव्हतेच. ते गुपित डॉक्टरांपाशी. कल्पेपरने १६४९ मध्ये हा सबंध ग्रंथ इंग्रजीत आणला आणि प्रत्येक औषधापुढे त्याचा उपयोगही लिहून टाकला. कुलूप उघडले, इतकेच नव्हे तर किल्लीच्या प्रती काढून वाटल्या. छपाईवरचा जुना राजकीय पहारा युद्धात कोलमडला होता म्हणून हे पुस्तक निघू शकले. राजपक्षाच्या वर्तमानपत्राने त्याला दारुडा आणि नास्तिक ठरवले. अनुवादात खोट काढण्यापेक्षा ते सोपे होते.

हा भाग वाचताना मी बराच वेळ थांबलो. आमच्या गल्लीत औषधाच्या बाटलीबरोबरचा इंग्रजी कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात, कारण घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तो कागद मलाही निम्माच कळतो. तेव्हा कल्पेपरने डॉक्टरांचे काय हिरावून घेतले आणि कोणाला दिले, हे मला निराळे समजावून सांगावे लागले नाही.

१६५१ मध्ये त्याने सुइणींसाठी पुस्तक लिहिले. त्याची स्वतःची सात मुले झाली, त्यांतली एकच मुलगी वाचली. पुस्तकामागे ते दुःख आहे. १६५२ मध्ये त्याचा वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ आला. झाड कसे दिसते, कुठे उगवते, केव्हा तोडावे, कशावर द्यावे, सारे साध्या इंग्रजीत आणि कमी किमतीत. प्रत्येक झाडावर कोणत्या ग्रहाचा अंमल आहे तेही त्यात आहे. इथे मात्र माझे त्याच्याशी पटत नाही. मंगळाच्या झाडाने अमका रोग जातो, याला पुरावा काय? त्याने डॉक्टरांना ग्रंथप्रामाण्याबद्दल दोष दिला आणि स्वतः आकाशातल्या ग्रहांना प्रमाण मानले. त्याच्या औषधांनी किती बरे झाले आणि किती नाही, याचा हिशेब त्यानेही ठेवला नाही.

क्षयाने तो १६५४ च्या जानेवारीत वारला. वय अवघे ३७.

कॉलेज आणि अपोथेकरी यांचा झगडा त्याच्यामागेही चालूच राहिला. विल्यम रोझ नावाच्या अपोथेकरीने एका खाटकावर उपचार केले. गुण आला नाही आणि बिल मात्र मोठे आले, म्हणून खाटकाने कॉलेजकडे तक्रार नेली. कोर्टात रोझ हरला, पण १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला आणि अपोथेकरीला रोगी पाहण्याची मोकळीक मिळाली. अट एकच : पैसे औषधाचे घ्यायचे, सल्ल्याचे नाही. साहजिकच औषधाच्या बाटल्या वाढल्या. त्यानंतर चारच वर्षांनी, १७०८ मध्ये, कल्पेपरचे पुस्तक अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये छापले गेले. जिथे सात मैलांत कॉलेजचा तपासनीस नव्हता आणि पुष्कळदा डॉक्टरही नव्हता, अशा वसाहतींत ते घरोघर वापरले जाऊ लागले.