डॉक्टर रखमाबाईंची पांढरी साडी

नांदायला जाणार नाही म्हणून भर कोर्टात ठाम राहिलेली बाई, अशी डॉक्टर रखमाबाईंची आपल्याला ओळख आहे. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली दुसरीच एक गोष्ट सारखी आठवते.

रखमाबाई १८६४ मध्ये जन्मल्या, मुंबईच्या सुतार समाजात. आई जयंतीबाई लहान वयातच विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षीच दादाजी भिकाजींशी लागलं, पण त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ चा पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलानंतर वारं फिरलं. १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या! टिळकांसह कितीतरी जणांनी खापर फोडलं ते मुलींच्या शिक्षणावर. नवऱ्याची लायकी काय, हा प्रश्न मागेच राहिला.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि दुसरं लग्न केलं. त्याबद्दल कुणी कोर्टात गेलं नाही, बरं का. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

आणि १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा चाळिशीतल्या रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली. ज्याच्याशी एक दिवस संसार केला नाही, ज्याने पैसे घेऊन नातं सोडलं, त्याच्यासाठी!

मला यात त्यांचा कमकुवतपणा दिसत नाही. कोर्टाच्या हुकमाला त्यांनी नाही म्हटलं, कारण तो समोरून आला होता. बाईने केव्हा काय नेसावं, हे मात्र कुणी हुकूम देऊन शिकवत नाही, ते लहानपणापासून बघून बघून अंगात मुरतं. आपल्याकडे हळदीकुंकवाच्या दिवशी विधवा जाऊबाई आपणहूनच आतल्या खोलीत जाऊन बसतात. त्यांना जा असं कुणी म्हणत नाही. पण बाहेर या, असं तरी आपण कुठे म्हणतो?

पुढे राजकोटलाही रखमाबाईंनी बायकांचा दवाखाना सांभाळला. निवृत्त होऊन मुंबईला परतल्यावर पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.