नौदलातला हिशेबनीस आणि पिकांवरील किडींची खतावणी

तुरीच्या शेंगेवर अंगभर बारीक केस असलेली हिरवट-तपकिरी अळी तुम्ही पाहिली असेल. तिचा पतंग नाजूक असतो, पंख पिसासारखे चिरलेले. आपण त्याला पिसारी पतंग म्हणतो. या पतंगांच्या कुळाचा ध्यास घेतलेला एक माणूस शंभर वर्षांपूर्वी भारताच्या कीटकशास्त्राचा प्रमुख होता. त्याच्याकडे शेतीची पदवी नव्हती. तो ब्रिटिश नौदलात पगार आणि हिशेब सांभाळणारा अधिकारी होता. नाव थॉमस बेनब्रिग फ्लेचर. कीटकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने हे नाव वाचलेले असते, पण शेतकऱ्यापर्यंत ते फारसे आलेले नाही. करकंबच्या उसात आज तुम्ही खोडकिडा, कांडी कीड आणि शेंडे कीड अशी तीन वेगळी नावे घेता, त्यामागे या माणसाने भरवलेल्या सभांचाही वाटा आहे, म्हणून त्याची ओळख करून देतो.

फ्लेचर यांचा जन्म २५ मार्च १८७८ चा. नौदलाच्या नोकरीत जहाज जिथे थांबेल तिथे उतरून पतंग गोळा करायचे, हा त्यांचा छंद. १९०५ मध्ये ‘सीलार्क’ या जहाजावरून हिंदी महासागरातील बेटांची शास्त्रीय पाहणी झाली, त्यात ते होते. तिथल्या पतंगांवरचा त्यांचा अहवाल १९१० मध्ये छापून आला. त्याआधी, १९०९ मध्ये, सिलोनच्या म्हणजे श्रीलंकेच्या पिसारी पतंगांवर त्यांनी सविस्तर लिहिले होते. छंद म्हणून सुरू झालेले काम इतके पक्के झाले, की पुढे मद्रास सरकारने त्यांना कीटकशास्त्रज्ञ म्हणून घेतले. दक्षिण भारतातील महत्त्वाच्या किडींवरचे त्यांचे जाड पुस्तक १९१४ मध्ये मद्रासहून निघाले. त्याच सुमारास ते बिहारमधील पुसा येथे इंपीरियल एंटोमॉलॉजिस्ट, म्हणजे सबंध हिंदुस्थानचे कीटकशास्त्रज्ञ झाले.

पुशाची शेती संशोधन संस्था १९०५ मध्ये उभी राहिली, तीही हेन्री फिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या देणगीतून. तिथे फ्लेचर यांच्या आधी हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय होते. लेफ्रॉय १९०३ मध्ये भारतात आले, तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात टोळधाड चालू होती. तिच्यावर त्यांनी लिहिलेला अहवाल ‘बॉम्बे लोकस्ट’ या नावाने प्रसिद्ध आहे. (हे लेफ्रॉय पुढे १९२५ मध्ये लंडनला प्रयोगशाळेत विषारी वायूचा प्रयोग करताना गुदमरून गेले. बंद खोलीत धान्याला वायूच्या गोळ्या लावणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.) लेफ्रॉय यांनी पाया घातला, पुस्तके लिहिली, संग्रह सुरू केला. मात्र देशभरात विखुरलेल्या कीटकशास्त्रज्ञांना एका टेबलाभोवती बसवण्याचे काम फ्लेचर यांनी केले.

त्या वेळची अडचण तुमच्या लगेच लक्षात येईल. मद्रासचा माणूस कोइमतूरला एक अळी वाढवतो. मुंबई इलाख्याचे काम पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून चालते, तिथला माणूस तीच अळी दुसऱ्या पिकावर पाहतो आणि तिला दुसरे नाव देतो. वनखात्याचा कीटकशास्त्रज्ञ वेगळा, आसामात चहाच्या मळ्यांचा वेगळा, म्हैसूर संस्थानाचा वेगळा. प्रत्येकाकडे आपापली वही आणि आपापले डबे. एकाने करून फसलेला उपाय दुसरा पुन्हा पहिल्यापासून करतो. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे तर रोजकीर्दी दहा होत्या, खतावणी एकही नव्हती.

फ्लेचर यांनी १९१५ मध्ये पुशाला पहिली सभा बोलावली. दुसरी ५ ते १२ फेब्रुवारी १९१७, म्हणजे महायुद्ध चालू असताना. तिसरी ३ ते १५ फेब्रुवारी १९१९, चौथी ७ ते १२ फेब्रुवारी १९२१ आणि पाचवी ५ ते १० फेब्रुवारी १९२३. तारखा मुद्दाम सगळ्या दिल्या. दर दोन वर्षांनी, ठरलेल्या महिन्यात, आठवडाभर, आणि एकदा तर जवळजवळ दोन आठवडे. आज आपल्याकडे दोन दिवसांची परिषद असते. त्यातला अर्धा दिवस दीपप्रज्वलन, सत्कार आणि आभारात जातो, उरलेल्यात प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतात. बारा-तेरा दिवस एकत्र बसायला मिळाले तर किती बोलता येईल, याचा कृषी खात्यातल्या मित्रांनी जरा विचार करून पाहावा.

या सभांची कामाची पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्या सभेत पीक समोर ठेवून चर्चा झाली. कपाशी घेतली, की तिच्यावरच्या किडी एकेक करून यायच्या. ही तुमच्या प्रांतात आहे का? कोणत्या महिन्यात? स्वतः वाढवून पाहिली, की नुसती झाडावर दिसली? नुकसान खरेच होते का? कोणता उपाय केला आणि त्याचे काय झाले? कोण काय म्हणाले ते नावानिशी टिपले गेले आणि अहवालात छापले गेले. त्यामुळे पुशातले चारुचंद्र घोष आणि सी. एस. मिश्रा, मद्रासकडचे रामकृष्ण अय्यर असे भारतीय सहकारी त्या पानांत स्वतःच्या नावाने बोलताना दिसतात. अळ्या वाढवण्याचे, रोज पाला बदलण्याचे, कोष मोजण्याचे काम मुख्यतः या मंडळींनी केले. अहवालाच्या पहिल्या पानावर साहेबाचे नाव असले, तरी आत कोणाचे निरीक्षण कोणाचे आहे हे झाकलेले नाही. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

तिसऱ्या सभेचा अहवाल तीन खंडांचा आहे. त्यात भारतातील पिकांवरच्या किडींची टिपणांसह यादी आहे, ती एकटीच पावणेतीनशेहून अधिक पानांची. त्याच अहवालात फ्लेचर आणि घोष यांचा ऊस, भात इत्यादी पिकांच्या खोड पोखरणाऱ्या अळ्यांवरचा मोठा लेख आहे. हा विषय करकंबच्या मातीचा आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

उसाचा पोंगा मेलेला दिसला, की पूर्वी सगळ्यालाच पोखरणारी अळी म्हणत. शास्त्रज्ञही एकाच नावाखाली तीन-चार जातींचा घोळ करत. नावाचा घोळ म्हणजे उपायाचा घोळ. खोडकिडा येतो लहान उसात, लागणीपासून साधारण तीन-चार महिने. त्याचा मेलेला पोंगा ओढला की सहज हातात येतो आणि त्याला घाण वास असतो. त्यावर वेळेवर पाणी आणि हलकी भरणी उपयोगी पडते. शेंडे कीड पानाच्या मधल्या शिरेतून शेंड्यात उतरते, पानावर एका ओळीत भोके दिसतात आणि शेंड्याला पुढे फुटवे येऊन झुपका होतो. तिचे अंडीपुंज पिवळसर केसांनी झाकलेले असतात, ते पानासकट खुडता येतात. कांडी कीड येते कांड्या सुटल्यावर. तेव्हा वाळलेले पाचट काढणे आणि ट्रायकोग्रामाची कार्डे लावणे हा मार्ग. तिघींना एकच औषध मारत बसलात तर पैसे जातात आणि ऊसही जातो. हे भेद पक्के करायला आधी कोणीतरी प्रत्येक पिकातली अळी वेगळी वाढवून तिचा पतंग बघावा लागतो, आणि मग दहा जणांनी आपापले पतंग शेजारी शेजारी ठेवावे लागतात. पुशाला तेच झाले.

फळमाशीचीही गोष्ट पुशाचीच आहे. फ्लेचर यांचे सहकारी एफ. एम. हाऊलेट यांनी १९१२ मध्ये दाखवले, की सिट्रोनेला तेलाच्या वासाकडे काही फळमाश्यांचे नर ओढले जातात. १९१५ पर्यंत ते मिथाइल युजेनॉल या रसायनापर्यंत पोहोचले. आज तुम्ही पेरूच्या आणि आंब्याच्या बागेत जो सापळा टांगता, त्यातले आमिष तेच. पण इथेही नाव आधी आणि सापळा नंतर. दोडका-कारल्याच्या फळमाशीला क्यू-ल्युअर लागते आणि बोराच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉलचा सापळा भरवशाचा नाही. दुकानदाराने एकच सापळा सगळ्यांवर चालतो म्हणून दिला, तर घेऊ नका.

फ्लेचर यांच्या सभांत मला एक उणीव दिसते आणि ती आजच्या परिषदांतही तशीच आहे. त्या खोलीत शेतकरी नव्हता. त्याने पाहिलेले तिथे पोहोचले ते कोणीतरी नेले म्हणूनच. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. आपल्याकडे कोणी तशी कीड पाहिली नव्हती. बंगाल आणि ईशान्य भारतात लोकरी मावा आधीपासून माहीत होता, पण ती माहिती इथल्या बांधावर नव्हती. मावा सोलापूरपर्यंत पसरला, फवारण्या सुरू झाल्या आणि त्यात मित्रकीटकही मेले. पुढे डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी किडी उसात वाढलेल्या दिसल्या. अळ्या-कोष असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लोकांनी त्या पसरवल्या आणि मावा आटोक्यात आला.

उलट उदाहरण २०१८ चे. मे महिन्यात कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली आणि सप्टेंबरात ती आपल्या सोलापूर जिल्ह्यात मक्यावर नोंदली गेली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ही अळी नवी आहे हे छातीठोकपणे सांगता आले, कारण मक्यावर आजवर काय काय होते याच्या याद्या शंभर वर्षांपासून भरल्या जात होत्या. जुन्या यादीत नाही, म्हणून नवी. फ्लेचर यांच्या खतावणीचा असाही उपयोग होतो.

तेव्हा तुम्ही कृषी सहायक असाल किंवा विद्यापीठाच्या किडींवरच्या परिसंवादाला जाणारे शेतकरी असाल, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. ज्या किडीबद्दल शंका आहे तिचे चार-पाच नमुने घ्या. अळी आधी गरम पाण्यात बुडवून मग स्पिरिटमध्ये ठेवली तर काळी पडत नाही. पतंग कोरडाच ठेवा, कागदाच्या घडीत. दोन-चार अळ्या मारू नका. जाळीच्या झाकणाच्या बरणीत त्याच पिकाचा पाला घालून वाढवा, कारण बऱ्याचदा पतंग निघाल्याशिवाय जात सांगता येत नाही, आणि अळीतून पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी निघाली तर ती त्याहून मोठी बातमी. डबीत चिठ्ठी टाका: गाव, तारीख, पीक, वाण, पिकाचे वय, झाडाचा कोणता भाग, कोणाला सापडली. शाईचा पेन नको, पेन्सिल वापरा, स्पिरिटमध्ये शाई उतरते. कोणती फवारणी केली आणि तिचा उपयोग झाला नाही, हेही लिहा. फसलेला उपाय सांगायला लोक लाजतात, पण शास्त्रज्ञाला तीच माहिती हवी असते. भाषणे चालू असताना समोर बसाच, मात्र नमुना दाखवायचा तो चहाच्या वेळी, आणि ओळख पटली की नाव तिथेच लिहून घ्या.

पाचव्या सभेनंतरही फ्लेचर पुशाला काम करत राहिले. १९२४ मध्ये सी. एम. इंग्लिस यांच्यासह त्यांनी भारतीय बागेतील पक्ष्यांवर पुस्तक काढले, १९२९ मध्ये बारीक पतंगांच्या प्रजातींच्या नावांची मोठी सूची छापली. मला ही सूची त्यांच्या स्वभावाची खूण वाटते. नोंदी जुळवायचा कंटाळा या माणसाला कधी आलेला दिसत नाही. १९३२ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला गेले आणि ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउडजवळ रॉडबरो येथे राहिले. ३० एप्रिल १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

ते गेल्यावर दोनच वर्षांनी, १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात पुशाची मुख्य इमारत पडली. संस्था १९३६ मध्ये दिल्लीला हलली आणि नावात पुसा घेऊन गेली. कीटकांचा संग्रहही दिल्लीला आला. तो आज राष्ट्रीय पुसा संग्रह म्हणून भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे. टाचणीला खोवलेल्या पतंगाखाली तिथे लहानशी चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, कशावर सापडला, कोणी गोळा केला. विद्यापीठात न ओळखू आलेली कीड खात्रीसाठी अशाच संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहतात, आणि डबीत चिठ्ठी नसेल तर तुमचा नमुना तिथे फारसा कामाचा राहत नाही.