ए. फिलिप रँडॉल्फ : मंदीच्या काळात हक्क मागणारा माणूस

मंदी आली की सरकारे पॅकेज जाहीर करतात. २००८ साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या तेव्हा जगाने ते पाहिले, २०२० च्या टाळेबंदीत आपणही पाहिले. पॅकेजचा आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापून येतो. त्या पॅकेजमध्ये कोण बसतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवले आहे, हे मात्र कायद्याच्या एखाद्या पोटकलमात दडलेले असते. हे पोटकलम वाचणारा, आणि नुसते वाचून न थांबता सरकारला जाब विचारणारा एक नेता अमेरिकेत होऊन गेला. मार्टिन ल्यूथर किंग आपल्या वाचकांना ठाऊक आहेत, ब्लॅक पँथर तर आपल्या घरातलेच नाव. पण किंग यांनी ज्या मंचावरून देशाला हलवले तो मंच ज्यांनी बांधला, त्या आसा फिलिप रँडॉल्फ यांचे नाव आपल्या सभांमधून क्वचितच ऐकू येते.

१५ एप्रिल १८८९ रोजी फ्लॉरिडातील क्रेसेंट सिटी या गावी रँडॉल्फ जन्मले. वडील चर्चचे उपदेशक. पण गरीब कृष्णवर्णीयांच्या चर्चवर पोट भरत नसे, म्हणून ते शिवणकाम करीत. आईही शिवणकाम करी. घरात पैसा नव्हता, पुस्तके होती. १९११ साली हा तरुण न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आला, पडेल ते काम करू लागला आणि रात्री कॉलेजात बसू लागला. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब दाखल झाले. एकाच शहरात, एकाच काळात, हे दोन तरुण अर्थशास्त्राची आणि समाजवादाची पुस्तके वाचत होते.

१९१४ साली रँडॉल्फ यांनी ल्युसिल ग्रीन यांच्याशी लग्न केले. ल्युसिल यांचे केशभूषेचे दुकान होते. चळवळीने रँडॉल्फ यांना वर्षानुवर्षे पगार दिला नाही, घर चालले ते या दुकानावर. १९१७ मध्ये चँडलर ओवेन या मित्रासह त्यांनी 'मेसेंजर' हे मासिक काढले, त्यालाही याच दुकानाचा आधार होता. आम्हाला इथे रमाईंच्या गोवऱ्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. नेत्यांच्या चरित्रात हा हिशेब नेहमी एका ओळीत उरकला जातो. आम्हीही तो फार लांबवत नाही, पण तो मांडल्याशिवाय पुढेही जात नाही.

महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१८ साली दोघा मित्रांना क्लीव्हलँड शहरात अटक झाली. गंमत अशी की न्यायाधीशाला ते लेख या दोघांनी लिहिले असतील हेच पटेना. काळी पोरे असे लिहितील कशी, मागे कोणी गोरा समाजवादी असणार, असे समजून त्याने त्यांना सोडून दिले. ज्या वर्णद्वेषाविरुद्ध ते लढत होते त्यानेच त्यांना तुरुंगातून वाचवले!

रँडॉल्फ यांचे खरे काम सुरू झाले १९२५ मध्ये. अमेरिकेच्या रेल्वेत पुलमन कंपनीचे झोपायचे डबे असत आणि त्यात प्रवाशांच्या सेवेला पोर्टर असत. आपल्याकडे पोर्टर म्हणजे हमाल. तिकडचा पोर्टर सामान उचली, बिछाने घाली, बूट पुसी, रात्रभर घंटीला ओ देई. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या माणसांना कंपनीने या कामावर घेतले, कारण कमी पैशात अदबीने वाकणारे तेच मिळतील हा हिशेब होता. महिन्याला चारशे तास काम, पगार तुटपुंजा, भर बक्षिशीवर. बुटाचे पॉलिशसुद्धा पदरचे. नाव काहीही असो, प्रवासी प्रत्येकाला मालकाच्या नावाने जॉर्ज म्हणून हाक मारीत, जशी पूर्वी गुलामाला धन्याच्या नावाने मारीत. नाव हिरावून घेणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममध्ये पोर्टरांची युनियन स्थापन झाली. नेतृत्व रँडॉल्फ यांच्याकडे आले, कारण ते पोर्टर नव्हते आणि कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. सभासदांना मात्र काढता येत होते आणि कंपनीने शेकडोंना काढले. हेर पेरले, फिलिपिनो कामगार आणून धाक घातला. १९२८ चा नियोजित संप ऐनवेळी मागे घ्यावा लागला आणि लोक पांगले. त्यातच १९२९ ची मंदी आली.

ती मंदी साधी नव्हती. १९३३ पर्यंत अमेरिकेतला दर चौथा कामगार बेकार झाला होता, आणि अनेक शहरांत कृष्णवर्णीयांमधले निम्मे. काळ्यांची म्हणून जी हलकी कामे होती तीही आता गोऱ्या बेकारांना हवीशी वाटू लागली. हजारो सभासदांची युनियन काही शेकड्यांवर आली. कचेरीची वीज तोडली गेली, भाडे थकले म्हणून सामान रस्त्यावर आले. रँडॉल्फ यांचा कोट विरला होता. पण ते हटले नाहीत.

१९३३ मध्ये रूझवेल्ट सत्तेवर आले. त्यांचे सरकार पुरोगामी होते यात शंका नाही. त्यांनी बेकारांना काम दिले, कामगारांना संघटनेचा हक्क दिला, म्हातारपणाची पेन्शन आणली. पण दक्षिणेतल्या गोऱ्या जमीनदारांचे प्रतिनिधी रूझवेल्ट यांच्याच पक्षात होते आणि त्यांच्या मतांशिवाय एकही कायदा होत नव्हता. कापसाचे भाव सावरावेत म्हणून पेरा कमी करण्याचे पैसे सरकारने दिले, ते जमीनमालकाच्या हाती पडले आणि वाट्याने कसणारा काळा शेतकरी जमिनीवरून उठला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून दोन प्रकारचे कामगार वगळले गेले : शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. पण त्या वेळच्या कृष्णवर्णीय कामगारांपैकी सुमारे दोन तृतीयांश याच दोन कामांत होते! १९३८ च्या किमान वेतन कायद्यातही तेच झाले. जातीचे नाव न घेता जात पाळण्याची ही कला आपल्या देशाची मक्तेदारी आहे असे आम्हाला वाटे, ते खरे नव्हते.

रँडॉल्फ यांनी या सरकारला नाकारले नाही, आणि त्याचे भाटही ते झाले नाहीत. कायद्याने जी फट दिली ती त्यांनी पकडली. १९३४ मध्ये रेल्वे कामगार कायदा सुधारला आणि पोर्टर त्याच्या कक्षेत आले. १९३५ च्या मतदानात युनियनला ५,९३१ आणि कंपनीच्या पाळीव संघटनेला १,४२२ मते पडली. २५ ऑगस्ट १९३७ रोजी, स्थापनेनंतर बरोबर बारा वर्षांनी, कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे चारशे तास दोनशे चाळीसवर आले, पगार वाढला. एका बलाढ्य अमेरिकन कंपनीने कृष्णवर्णीयांच्या युनियनशी केलेला हा पहिला करार.

या करारानंतर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्याला रेल्वेत गँगमनच का राहावे लागते, साध्या पोर्टरची जागाही का मिळत नाही, याचा पंचनामा केला. स्टेशनमास्तरच्या घरची कामे पोर्टरने करायची, मग तिथे अस्पृश्य कसा चालणार? इकडे मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते आणि लाल बावट्याच्या युनियनला त्यावर फार बोलावेसे वाटत नव्हते. तिकडे गोऱ्या रेल्वे युनियनांच्या घटनेतच काळ्यांना मज्जाव होता. तरुणपणी वर्गलढ्यात सगळे सुटेल असे मानणारे रँडॉल्फ पुढे कामगार महासंघाच्या प्रत्येक अधिवेशनात उठून हा मज्जाव काढा म्हणून सांगत राहिले. वर्षानुवर्षे ठराव पडला, ते पुन्हा मांडत राहिले.

१९४० नंतर युद्धसाहित्याचे कारखाने धडधडू लागले आणि मंदी सरली. पण कोणाची? कारखान्यांत काळ्यांना झाडूपलीकडे काम नव्हते. विनंत्या करून झाल्या. मग १९४१ च्या जानेवारीत रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चाची हाक दिली. तारीख ठरली १ जुलै. आधी दहा हजारांचा अंदाज होता, बघता बघता बोलणे एक लाखावर गेले. रूझवेल्ट यांनी आधी पत्नीला समजूत घालायला पाठवले, मग १८ जूनला स्वतः बोलावून घेतले. रँडॉल्फ गोड बोलण्याला भुलले नाहीत. त्यांना लेखी आदेश हवा होता. २५ जूनला तो निघाला : संरक्षण उद्योगांत वर्ण, धर्म वा वंशावरून भेदभाव करता येणार नाही.

मोर्चा रद्द झाला. तरुण कार्यकर्ते चिडले, कारण सैन्यातला भेदभाव तसाच राहिला होता आणि नेमलेल्या समितीला दात नव्हते. त्यांचा राग खोटा नव्हता. तरीही रँडॉल्फ यांनी बरोबर केले असे आमचे मत आहे. निवडणुकीच्या तोंडावर मोर्चे जाहीर करून एखाद्या महामंडळाच्या बदल्यात ते गुंडाळणारे नेते आपण पाहिले आहेत. रँडॉल्फ यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही, आणि राहिलेली मागणी सोडलीही नाही. सैन्यातला भेदभाव संपवणारा आदेश त्यांच्याच रेट्यामुळे २६ जुलै १९४८ रोजी ट्रुमन यांना काढावा लागला.

बावीस वर्षे मोडून ठेवलेला तो मोर्चा २८ ऑगस्ट १९६३ रोजी निघाला. अडीच लाख लोक आले. किंग यांचे भाषण जगाच्या लक्षात राहिले. मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याआधी रोजगार हा शब्द होता आणि मागण्यांत दोन डॉलर किमान वेतन होते, हे मात्र विसरले गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे रँडॉल्फ मोर्चाचे प्रमुख होते. ल्युसिल काही महिन्यांपूर्वीच वारल्या होत्या. १९६६ मध्ये त्यांनी सर्वांना काम देणारा दहा वर्षांचा अर्थसंकल्प मांडला. काँग्रेसने तो मंजूर केला नाही. पैसा व्हिएतनामकडे चालला होता.

१६ मे १९७९ रोजी, नव्वदाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये ते गेले. मागे संपत्ती नव्हती. १९३५ च्या पेन्शन कायद्यात शेतमजूर आणि घरकामगार यायला १९५० चे दशक उजाडावे लागले, किमान वेतनासाठी १९६६ आणि १९७४ पर्यंत थांबावे लागले. आणि युनियन करण्याचा हक्क देणारा त्याच वर्षीचा जो कायदा आहे, त्याच्या पोटकलमातून हे दोघे अजूनही बाहेर आहेत.