संत लुईझ यांच्या घरची शाळा

संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे नाव आपल्याला परके नाही. त्यांच्याबरोबर राबलेल्या संत लुईझ द मारियाक यांच्याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या मुलींना घडवण्याचे काम या विधवेने स्वतःच्या घरात सुरू केले.

लुईझ यांचा जन्म १५९१ साली फ्रान्समध्ये झाला. आईची माया लाभली नाही, वडीलही १६०४ साली वारले. पुढे लग्न झाले, मिशेल नावाचा मुलगा झाला. पतीच्या लांबलेल्या दुखण्यात त्यांनी त्याची शुश्रूषा केली. १६२५ साली तोही गेला.

गरीब आजाऱ्यांना घरी जाऊन अन्न व औषध देणारे स्त्रियांचे मंडळ व्हिन्सेंट यांनी १६१७ साली सुरू केले होते. पॅरिसमध्ये अशा मंडळांत मोठ्या घरच्या स्त्रिया आल्या. पण अंधारे जिने चढणे, मळके अंथरूण आवरणे त्यांना जमेना. त्या नोकरांना धाडू लागल्या. नोकरांना ना आवड, ना माहिती! १६२९ पासून लुईझ गावोगावची मंडळे पाहत फिरत असत. चांगल्या मनाबरोबर शिकवणही हवी, हे त्यांनी ओळखले.

मार्गरीत नासो ही खेड्यातील गुराखी मुलगी. गुरे राखता राखता वाटसरूंना अक्षरे विचारून ती वाचायला शिकली आणि पॅरिसला येऊन आजाऱ्यांची सेवा करू लागली. प्लेग झालेल्या एका बाईला तिने आपल्याच बिछान्यात घेतले आणि १६३३ साली तिचाही त्यात अंत झाला. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लुईझ यांनी काही खेडवळ मुलींना आपल्या घरी ठेवून घेतले.

तिथे त्या वाचन-लेखन, शिवण, औषधे बनवणे शिकल्या. त्या काळच्या उपचाराप्रमाणे शीर कापून रक्त काढणेही शिकल्या. खरा वर्ग भरायचा तो आजाऱ्याच्या खोलीत, सुपाचे भांडे घेऊन जिने चढल्यावर. व्हिन्सेंट त्यांच्यात येऊन बसत आणि एकेकीला तिचे मत विचारत. ज्या काळात गुराखी मुलीला कोणी काही विचारत नसे त्या काळातली ही गोष्ट. आम्हाला तरी ही सर्वांत मोठी वाटते.

धर्मभगिनींनी त्या वेळी मठाबाहेर पडायचे नसे. म्हणून या मुलींना मठवासी न म्हणता 'प्रेमसेवेच्या कन्या' म्हटले गेले. दूर पाठवलेल्या मुलींनाही लुईझ यांनी वाऱ्यावर सोडले नाही. रिशेलिय येथील दोघींचे आपसात पटेना, तेव्हा १६३९ साली त्यांनी पत्र लिहून दोघींची कानउघाडणी केली. अशी त्यांची शेकडो पत्रे आहेत.

आपल्याकडेही नर्सिंगच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला घरोघर येतात. वही हातात, मनात धास्ती. कोणी दारातूनच परत पाठवतो, कोणी पाणी विचारून बसवतो आणि आजीचा रक्तदाब मोजू देतो. बरोबरच्या सिस्टरने चारचौघांत खडसावले, की ती मुलगी पुढच्या घरी बोलतच नाही.

१५ मार्च १६६० रोजी लुईझ यांचे निधन झाले. व्हिन्सेंट स्वतः आजारी असल्याने भेटीला येऊ शकले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात तेही गेले. १९३४ साली लुईझ यांना संतपद मिळाले आणि १९६० साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना समाजसेवकांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. १५ मार्च उपवासकाळात येत असल्याने त्यांचा सण आता ९ मे रोजी साजरा होतो.