शिल्पकार करमरकर आणि पुण्याचा घोडा

पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. मी इंजिनिअर असल्यामुळे असेल कदाचित, मला तो कसा घडला याचंच जास्त कुतूहल. तो घडवणारे विनायक पांडुरंग करमरकर आपल्यासारखेच खेड्यातले.

त्यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. घरात गणपतीच्या मूर्ती होत, त्यामुळे मातीची ओळख लहानपणीच झाली. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवरायांचं चित्र काढलं होतं. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिलं आणि या मुलाची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्याची सोय केली. पुढे त्यांनी कलकत्त्यात स्टुडिओ थाटला आणि १९२० मध्ये ते लंडनला शिकायला गेले.

पुण्याच्या स्मारकासाठी राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. १९२१ मध्ये पायाभरणी झाली, पण पुढच्याच वर्षी महाराज गेले. पुतळ्याचं काम शेवटी करमरकरांकडे आलं. एवढा मोठा पुतळा सहसा तुकड्यांत ओतून जोडतात. त्यांनी मात्र साडेतेरा फुटी घोडा आणि स्वार एकसंध ओतायचं ठरवलं. आधी मातीत आकार घडवायचा, त्यावरून साचा करायचा आणि साच्यातल्या पोकळीत वितळलेलं ब्राँझ सोडायचं. कुठे हवा अडकली किंवा धातू मध्येच थिजला, तर सगळी मेहनत वाया.

माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात चूक सापडली की दुरुस्त करून प्रोग्राम पुन्हा चालवता येतो. ओतकामात ती सोय नाही. आगीचं काम दुसरी संधी देत नाही, हे फटाक्यांच्या तेरखेड्यात वाढलेल्या तुम्हा-आम्हाला सांगायला नको. करमरकरांचं ओतकाम साधलं. पुतळा मुंबईहून रेल्वेने पुण्याला आला आणि जून १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं.

१९६७ मध्ये करमरकर गेले. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

भिंत खराब केली म्हणून त्या मुलाला कुणी रागावलं असतं, तरी ते रीतीला धरूनच झालं असतं. आपल्या शाळेतही वहीच्या मागच्या पानांवर घोडे काढणारी पोरं आहेत. माजी विद्यार्थी म्हणून शाळेला काही द्यायचं ठरेल तेव्हा संगणकांबरोबर रंग, कागद आणि शाडूची मातीही द्यावी, एवढंच माझं सुचवणं आहे.