कापसाच्या प्रजातींचा सीमाशोध : सर जोसेफ हचिन्सन

माळव्याची काळी जमीन आणि कापूस यांचे नाते जुने आहे. होळकरांच्या इंदुरात कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा या नात्याला एका प्रश्नाची जोड मिळाली. गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. देशी कपाशी काटक, पण तिचा धागा आखूड. अमेरिकन कपाशीचा धागा लांब, पण ती नाजूक. दोहोंचे गुण एका झाडात का आणता येऊ नयेत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रजाती म्हणजे काय, याचाच उलगडा करणाऱ्यांत सर जोसेफ हचिन्सन यांचे नाव अग्रभागी आहे.

हचिन्सन यांचा जन्म 1902 साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन ते 1926 साली वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरील कापूस संशोधन केंद्रात दाखल झाले. तेथे सिडनी हारलंड यांच्या हाताखाली त्यांनी आनुवंशशास्त्राचे धडे गिरवले. 1933 साली ते इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’मध्ये आले. कंपोस्ट खताच्या ‘इंदूर पद्धती’मुळे जगभर गाजलेल्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 साली उभारलेली ही संस्था. चार वर्षांच्या वास्तव्यात हचिन्सन यांनी मध्य भारत आणि राजपुतान्यातील कपाशीच्या पिकांची घडण तपासली, आशिया व आफ्रिकेतील कपाशींचे वर्गीकरण नव्याने मांडले. संख्याशास्त्रज्ञ वि. गो. पानसे यांच्यासमवेत त्यांनी पीकपैदाशीच्या प्रयोगपद्धतींवर लिहिलेले लेख दीर्घकाळ अभ्यासले गेले.

देशी आणि अमेरिकन कपाशीमधील अडसर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा होता. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात, अमेरिकन कपाशीच्या पेशीत 52. दोहोंचा संकर केल्यास झाडात 39 गुणसूत्रे येतात. त्यांपैकी 13 गुणसूत्रांना जोडीदारच मिळत नाही आणि संकरित झाड वांझ राहते.

मात्र खरे कोडे देशी कपाशीच्या घरातच होते. ‘आर्बोरियम’ आणि ‘हर्बेशियम’ या दोन्ही देशी प्रजातींची गुणसूत्रे समान, 26. त्यांचा संकर सहज होतो आणि पहिल्या पिढीची झाडे जोमदार व फलक्षम असतात. तरीही पश्चिम भारतात एकाच शेतात शेजारी वाढूनही या दोन प्रजाती एकमेकींत विरघळून गेल्या नाहीत. याचे कारण दुसऱ्या पिढीत दडलेले होते. त्या पिढीत खुरटी, दुबळी झाडे मोठ्या प्रमाणात निपजतात आणि स्पर्धेत नाहीशी होतात. हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा ठरला. प्रत्येक प्रजातीची जनुके दीर्घ काळात परस्परांशी जुळलेली असतात. संकरानंतर हा मेळ विस्कटतो. त्यामुळे बाहेरून कोणतीही भिंत नसतानाही प्रजाती वेगळ्या राहतात.

1937 साली ते त्रिनिदादला परतले. दहा वर्षांनी, रोनाल्ड सिलो आणि स्टॅन्ली स्टीफन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा कपाशीच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकन कपाशीत एक संच जुन्या जगातील कपाशीचा आणि दुसरा अमेरिकेतील रानटी कपाशीचा आहे, हे तोवर उघड झाले होते. महासागराच्या दोन तीरांवरील झाडे एकत्र आली कशी? मानवाने कपाशी पॅसिफिक ओलांडून नेली असावी, असा तर्क या ग्रंथाने मांडला. तो टिकला नाही. हे मीलन सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, म्हणजे मानवाने शेती सुरू करण्याच्या फार आधी घडले, असे पुढील रेणवीय अभ्यासांतून दिसून आले. प्रजातींच्या सीमांविषयीचे त्यांचे विवेचन मात्र अभ्यासकांना मार्गदर्शक ठरले.

पुढे युगांडातील नामुलोंगे येथील संशोधन केंद्राचे संचालकपद त्यांनी भूषवले. 1951 साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, 1956 साली ‘सर’ हा किताब आणि 1957 पासून केंब्रिजमधील कृषिशास्त्राचे प्राध्यापकपद असे सन्मान त्यांना लाभले. 1988 साली त्यांचे निधन झाले.

गोव्याच्या सीमेपलीकडील धारवाडात एकोणिसाव्या शतकातच अमेरिकन कपाशी रुजली होती. त्याच धारवाडात 1972 साली ‘वरलक्ष्मी’ हे संकरित वाण तयार झाले. त्याचे जनक अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या प्रजातींचे. दोघांची गुणसूत्रे 52, म्हणून संकर वांझ नाही. पहिली पिढी भरघोस आणि लांब धाग्याची. परंतु तिचेच बी राखून पेरले, तर पुढच्या पिढीत तो मेळ विस्कटतो. म्हणून बियाण्यासाठी दरवर्षी हाताने नवा संकर घडवावा लागतो, आणि शेतकऱ्याला दर हंगामात नवे बी विकत घ्यावे लागते.