तिकिटावर जात नव्हती

साताऱ्यातला एक शाळकरी मुलगा सलग काही रात्री झोपेचं सोंग घेऊन पडून राहत होता. शेजारी जमिनीवर आत्या मीराबाई झोपायची. तिच्या कंबरेला पैशांचा बटवा खोचलेला असायचा आणि पोराचा डोळा त्या बटव्यावर होता. आई गेलेली. वडिलांनी दुसरं लग्न केलेलं. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसले की त्याच्या पोटात तुटायचं. वडिलांच्या जिवावर जगायचंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. साताऱ्याची पोरं मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. म्हणजे मुंबई गाठायची. त्यासाठी गाडीभाडं हवं. तीन रात्री बटवा निघाला नाही, चौथ्या रात्री हाती लागला. उघडून पाहतो तर आत अर्धा आणा!

अर्ध्या आण्यात मुंबई कुठली? पोराने तो नाद सोडला आणि पुस्तकं जवळ केली. लवकर शिकायचं, परीक्षा पास व्हायचं आणि मग स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असा नवा बेत ठरला.

ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. चौदा एप्रिलच्या भाषणांत ती फारशी ऐकू येत नाही. महापुरुषाच्या चरित्रात चोरी कशी बसवायची, अशी वक्त्यांची अडचण होत असावी. आम्ही मात्र तालुक्याच्या गावातून शहरात शिकायला निघालेल्या मुलामुलींसोबत काम करतो, आणि त्यांच्यासमोर ही गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यातल्या अनेकांच्या घरात आजही पहिल्या प्रवासाचे पैसे असेच कुणाच्या तरी बटव्यातून, उसनवारीतून नाहीतर गहाणातून निघतात. त्यांना तो अर्धा आणा समजावून सांगावा लागत नाही.

भीमरावांचा पहिला आगगाडीचा प्रवास मुंबईचा नव्हताच. तो १९०१ सालचा, मसूरचा. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलावाचं खोदकाम काढलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी इकडे यावं, असं वडिलांचं पत्र आलं. घरात मोठी धांदल उडाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे. नऊ वर्षांच्या भीमरावाने तोवर आगगाडी पाहिलेलीही नव्हती. स्टेशन घरापासून दहा मैलांवर. तिथवर टांगा केला. थोरल्या भावाने तिकिटं काढली आणि खाऊसाठी प्रत्येकाच्या हातावर दोन दोन आणे ठेवले. पोरांनी लगेच लेमनेडच्या बाटल्या घेतल्या. आम्हाला हा तपशील फार आवडतो. पुढे जे घडलं त्याच्या ओझ्याखाली या बाटल्या दबून जातात. पण ती मुलं घरातून निघाली ती मजेत निघाली होती, हे विसरून चालणार नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला लागली. उतारू पांगले. वडिलांकडून कुणी न्यायला आलं नव्हतं, कारण आपण येत असल्याचं मुलांचं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तासाभराने स्टेशनमास्तर चौकशीला आला. कपडे पाहून त्याला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. पोरांनी साधेपणाने सांगून टाकलं की आम्ही महाराचे. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण विटाळ घ्यायला कुणी तयार होईना. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान कसाबसा कबूल झाला, तोही एका अटीवर. गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूने चालणार. रात्री डबा सोबत होता, पण पाणी मिळालं नाही. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं, तरीही नाही. तहानलेली मुलं दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावला पोचली.

ही घटना आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. तरी एका गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही असं आम्हाला वाटतं. आगगाडीत काही झालं नाही. तिकीट मागितलं, मिळालं. डब्यात बसायला जागा मिळाली. तिकिटावर कुठून कुठे आणि किती भाडं एवढंच होतं, जात नव्हती. जात भेटली ती गाडी सुटून गेल्यावर, स्टेशन आणि मुक्काम यांच्या मधल्या रस्त्यावर.

पुढे रामजींनी बिऱ्हाड मुंबईला हलवलं आणि अर्ध्या आण्यात हुकलेली मुंबई भीमरावांना मिळाली. परळची डबक चाळ, एकच खोली, त्यातच स्वयंपाक, माणसं आणि सामान. पोराला अभ्यासाला जागा मिळावी म्हणून वडील त्याला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून मग आडवे होत. गिरणीत नोकरी धरण्याचा बेत करणारा हा मुलगा गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत राहून एल्फिन्स्टन हायस्कूलला जाऊ लागला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायची त्याला सवय होती. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. मॅट्रिकच्या सत्कारात गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. १९५६ च्या नागपूरकडे जाणारी वाट शोधायची असेल तर त्यातलं एक ठिकाण लोकल गाड्यांच्या रुळांना लागून असलेली ही बाग आहे.

बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर गेले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर गाडी सुरतला थांबली, तेव्हा वडिलांसाठी बर्फी घ्यायला ते खाली उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. वडिलांनी डोळे भरून मुलाला पाहिलं आणि २ फेब्रुवारीला प्राण सोडला. बाबासाहेबांवर लिहिताना आपण बहुतेक वेळा अपमान आणि संघर्ष सांगतो. फलाटावर मिठाईचा पुडा हातात धरून जाणाऱ्या गाडीकडे पाहणारा एकवीस वर्षांचा मुलगाही त्याच चरित्रात आहे.

न्यूयॉर्क आणि लंडन करून ते १९१७ साली परतले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती आणि दहा वर्षं बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार होता. बडोदा स्टेशनावर उतरताच पुन्हा मसूरचाच प्रश्न उभा राहिला: आता जायचं कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी म्हणून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी लाठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायचं फर्मान सोडून गेले. एका हिंदू मित्राने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस मुंबईची गाडी येईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

समाजशास्त्र शिकलेल्यांना इथे कार्ल मार्क्स आठवल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे पहिली गाडी १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला धावली. त्याच वर्षी मार्क्सने एका अमेरिकन वृत्तपत्रात लिहिलं होतं की रेल्वेतून आधुनिक उद्योग उभे राहतील आणि जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत कामाची वाटणी त्यातून मोडून पडेल. अंदाज अगदीच चुकला असं आम्ही म्हणणार नाही. रेल्वे आणि गिरण्या नसत्या तर गावकुसाबाहेरच्या हजारो माणसांना गाव सोडायचा रस्ताच नव्हता. पण मार्क्सने गाडीचा हिशोब केला, स्टेशनाबाहेरच्या टांग्याचा केला नाही.

त्या टांग्याची गोष्ट चाळीसगावची. १९२९ सालचा ऑक्टोबर. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीवर होते. धुळ्याहून मुंबईला परतताना गावातल्या लोकांच्या आग्रहाखातर ते चाळीसगावला एका रात्रीसाठी उतरले. स्टेशनावर लोक हारतुरे घेऊन उभे होते, पण टांगा लवकर येईना. शेवटी आला. निघाल्यावर थोड्याच वेळात तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीच्या पुलावर चाक अडकलं. बाबासाहेब दगडी फरसावर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह खाली नदीत गेला. त्यांच्या पायाचं हाड मोडलं. मागाहून कळलं की एकही टांगेवाला महाराला बसवायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी चालत यावं हे वस्तीला पटेना. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि लगाम ज्याने कधी धरला नव्हता असा वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसला. या प्रसंगावर लिहिताना बाबासाहेबांनी त्या अडाणी सारथ्याला दोष दिलेला नाही. पाहुण्याचा मान राखण्याच्या धडपडीत त्याच्याच जिवावर बेतलं, हे त्यांनी नमूद केलं आहे.

रेल्वेच्या आतलं चित्रही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही त्यांची मांडणी तिथली. त्याच भाषणात गँगमनचा मुद्दा आहे आणि तो क्वचितच कुणी सांगतं. रुळांवरची खडी सारखी करणारा दलित गँगमन आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला साधं पोर्टरही केलं जात नाही. का? तर पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करायची रीत होती, आणि सवर्ण मास्तरला घरात अस्पृश्य चालत नव्हता. मसूरचा मास्तर तोंड फिरवून गेला, त्याला सदतीस वर्षं झाली होती. आता बाबासाहेब त्याच स्टेशनमास्तरच्या घराचं दार कामगारांना उघडून दाखवत होते.

हे सगळं जुनं झालं, असं आमच्यासमोर बसलेला एखादा विद्यार्थी म्हणतो. म्हणू द्यावं. मग त्याला विचारावं की पुण्यात किंवा मुंबईत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं. स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं तिकीट मोबाईलवर काढतात, सीट मिळते, प्रवास सुखाचा होतो. मग खोली शोधायला लागतात. डिपॉझिट ठरतं, चावी कधी मिळणार तेही ठरतं, आणि शेवटी पूर्ण नाव विचारलं जातं. आडनाव ऐकून कधी खोली अचानक दुसऱ्याला दिलेली निघते, कधी मालकाला नातेवाईक येणार असल्याचं आठवतं. आमच्या ओळखीच्या एका मुलीने तीन खोल्या अशा गमावल्या आणि चौथ्या ठिकाणी पहिल्याच वाक्यात आडनाव सांगून टाकलं, वेळ तरी वाचावा म्हणून. तिला चौथी खोली मिळाली. त्या घरमालकाला अभ्यासू भाडेकरू हवा होता, बाकी काही विचारायचं त्याला सुचलंच नाही. अशीही माणसं भेटतात, हेही सांगायला हवं.

ज्यांना खोली मिळत नाही त्यांच्यासाठी आपल्या वस्त्यांतली विहारं आणि समाजमंदिरं उपयोगी पडू शकतात. काही ठिकाणी अभ्यासिका सुरू आहेत, काही ठिकाणी वर्षातले दोन-तीन दिवस सोडले तर कुलूप असतं. गावाकडून पहिल्यांदा येणाऱ्याला स्टेशनावर घ्यायला जाणारा एक माणूस आणि पहिल्या पंधरा दिवसांचा निवारा, एवढी सोय प्रत्येक मोठ्या शहरात आपल्या संघटनांना जमण्यासारखी आहे. मसूरला आणि बडोद्याला नेमकी तीच नव्हती.

५ डिसेंबरच्या रात्री आणि ६ डिसेंबरच्या पहाटे दादरला उतरणाऱ्या गर्दीत विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा कितीतरी म्हाताऱ्या असतात, ज्यांनी आयुष्यात पाहिलेली मुंबई म्हणजे दादर स्टेशन, शिवाजी पार्क आणि चैत्यभूमी. महापरिनिर्वाण दिनासाठी रेल्वे विशेष गाड्या सोडते. पांढरी साडी, भाकरीचं फडकं, परतताना पिशवीत पुस्तकं आणि बाबासाहेबांचा फोटो. त्यांना यंदा सोबत नेणाऱ्या तरुणांना एक सुचवावंसं वाटतं. समुद्रावरून परतताना थोडी वाट वाकडी करून परळला जा. पोयबावडीची बी.आय.टी. चाळ क्रमांक १ तिथे आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब आणि रमाई बरीच वर्षं राहिले. महाड सत्याग्रहाच्या आणि गोलमेज परिषदेच्या काळात त्यांचं बिऱ्हाड इथेच होतं. म्हाताऱ्या माणसांना जिना चढायला वेळ लागेल, तेवढा हाताशी ठेवून निघा.